जीर्णोद्धाराची कसोटी
‘नूतनीकरण’ आणि ‘जीर्णोद्धार’ हे शब्द पर्यायी मानण्याचा प्रघात आहे. तथापि देवालयाचा जीर्णोद्धार तेथील पूजाअर्चा पुन्हा सुरू झाल्यावाचून पूर्ण समजला जात नाही, हा अर्थभेद ध्यानी घेण्याजोगा आहे. अमेरिकेतील ह्यूस्टन नगराच्या थर्ड वॉर्ड या कृष्णवर्णीय वस्तीतील एल्डोराडो बॉलरूम ही वास्तू या दृष्टीने उद्बोधक ठरते. ॲना व क्लॅरेन्स ड्युप्री या दांपत्याने ती १९३९ साली सुरू केली. वर नृत्यगृह, खाली दुकाने अशी तिची रचना होती. वंशभेदाच्या त्या काळात वादकाला आणि व्यावसायिकाला तिने एकच छप्पर दिले. १९७०च्या दशकारंभी बंद पडलेली ही वास्तू १९९९ साली ‘प्रोजेक्ट रो हाउसेस’ या संस्थेकडे आली व दुरुस्तीनंतर २०२३ साली पुन्हा खुली झाली. नृत्यगृहाबरोबरच कलादालन व विक्रीकेंद्र यांनाही नव्या योजनेत स्थान मिळाले. कला आणि उदीम यांचा मूळ अन्वय योजनाकारांनी अचूक ओळखला, असे म्हणावे लागते. परंतु वास्तू सुधारली म्हणजे भोवतालच्या जागांचे मोलही चढते. ज्या कलावंतासाठी व दुकानदारासाठी दार उघडले, त्यालाच भाड्यापायी वस्ती सोडावी लागली, तर उरेल ते केवळ नूतनीकरण. शेजार टिकला, तरच त्यास जीर्णोद्धार म्हणता येईल.