चल घटकांतील असामान्य डी.एन.ए.-रचना : मोजणीविषयी एक आक्षेप

मानवी जनुकसंचाचा सुमारे ४५ टक्के भाग चल घटकांनी व्यापलेला आहे, ही गोष्ट २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रारूपापासून सर्वपरिचित आहे. वॉटसन व क्रिक यांनी १९५३ साली वर्णिलेल्या उजव्या वळणाच्या दुपदरी सर्पिलाहून वेगळी रूपे धारण करू शकणारे क्रम या घटकांत विपुल आढळतात, असे अलीकडील पुष्कळ निबंध सांगतात. डावीकडे वळणारे झेड-रूप व ग्वानिनबहुल क्रमांची चौपदरी गुंफण ही त्यांपैकी प्रमुख होत. विपुलता खरी आहे; तीवरून काढले जाणारे अनुमान मात्र तितकेसे निर्दोष नाही.

अलू या घटकाचे उदाहरण घ्यावे. त्याची लांबी सुमारे ३०० आधारकांची, आणि प्रती दहा लाखांहून अधिक. मूळ अलूमध्ये असा एखादा क्रम असला, तर तो निव्वळ नकलेच्या योगाने लक्षावधी ठिकाणी उमटणारच. संगणकाने ती सारी ठिकाणे मोजून, यादृच्छिक क्रमांशी तुलना करून, ‘अपेक्षेहून कितीतरी अधिक’ असा निर्वाळा दिला, तर तो आकडा खोटा नसतो. परंतु लक्षावधी साक्षीदारांची म्हणून जी जबानी आपणांपुढे येते, ती वस्तुतः एकाच साक्षीदाराची असते. ज्या स्वतंत्रतेच्या गृहीतकावर सारी सांख्यिकी उभी, तेच येथे प्रारंभी ढासळते.

शिवाय क्रम म्हणजे रचना नव्हे. केंब्रिज येथे शंकर बालसुब्रमण्यम् यांच्या प्रयोगशाळेत २०१५ साली शुद्ध केलेल्या मानवी डी.एन.ए.चे क्रमवाचन झाले, तेव्हा स्थिरक रेणूच्या साहाय्याने चौपदरी गुंफणीची ७ लाखांहून अधिक स्थाने मिळाली. त्याच प्रयोगशाळेने २०१६ साली पेशीतील क्रोमॅटिनमध्ये प्रतिपिंडाने शोध घेतला, तेव्हा ती सुमारे १०,००० भरली. प्रतिपिंडाच्या नजरेतून काही सुटले असेल हे मान्य. तरी एवढी तफावत त्याने भरून निघेल असे वाटत नाही.

मग विश्वासार्ह पुरावा कोणता? लाइन-१ या घटकाचे शेपटाकडील टोक सस्तन प्राण्यांत झपाट्याने पालटत गेले आहे. तरीही चौपदरी गुंफण करण्याची त्याची क्षमता टिकून राहिली, हे हॉवेल व उस्डिन यांनी १९९७ साली दाखविले. येथे नकलांची संख्या गौण ठरते. शब्द बदलूनही अर्थ टिकला, हे महत्त्वाचे. पुढे २०१७ साली, लहान रेणूंनी ही गुंफण स्थिर केली असता लाइन-१ चे स्थलांतर वाढते, असे प्रयोगाने दिसून आले. माझ्या मते नुसत्या याद्यांच्या ढिगाऱ्यापेक्षा या दोन निबंधांचे वजन अधिक आहे.

एकाच प्रतीच्या अभ्यासातून किती हाती लागते, हे फिलिपाइन्समधील पानाय बेटावर आढळणाऱ्या एका आनुवंशिक चेताविकारात दिसते. या विकारात एक्स गुणसूत्रावरील टी.ए.एफ.-१ जनुकात एस.व्ही.ए. जातीचा चल घटक शिरलेला असतो. त्यातील सहा आधारकांची आवर्तने रुग्णागणिक बदलतात. २०१७ सालच्या अभ्यासात ती ३५ ते ५२ भरली, आणि जेथे ती अधिक तेथे रोगाचा आरंभ लवकर झाला. ही आवर्तने चौपदरी गुंफण करू शकतात म्हणून रोगाचे कारण ती गुंफणच, असे म्हणण्याचा मोह येथेही होतो. परंतु त्या अभ्यासाने मोजली ती लांबी, रचना नव्हे.