इथून तिथे : टोटल कमांडरचे रसग्रहण

फाइल मॅनेजर बदलायचा म्हटले की माणसे यादी करायला बसतात. टॅब हवेत, गडद रंग हवेत, शोध वेगवान हवा, झिप आतून पाहता यायला हवी. या अपेक्षा योग्यच आहेत, पण नावाजलेले बहुतेक प्रोग्रॅम त्या थोड्याफार फरकाने पुऱ्या करतात, आणि यादीच्या जोरावर निवड काही होत नाही. मला वाटते, त्याची पारख त्याच्या सर्वांत साध्या कामावर करावी. इथली फाइल तिथे ठेवणे, हे ते काम. टोटल कमांडर ते कसे करतो हे सावकाश पाहण्यासारखे आहे.

स्वित्झर्लंडच्या ख्रिश्चन गिस्लर यांनी हा प्रोग्रॅम १९९३ मध्ये आणला, तेव्हा त्याचे नाव विंडोज कमांडर होते. ‘विंडोज’ या नावावर मायक्रोसॉफ्टचा हक्क असल्याने २००२ मध्ये ते बदलावे लागले. त्याचे कूळ त्याहून जुने आहे. १९८६ साली जॉन सोचा यांचा नॉर्टन कमांडर आला. डॉसच्या ऐंशी रकान्यांच्या निळ्या पडद्याचे त्याने दोन उभे भाग केले आणि प्रत्येक भागात एकेका फोल्डरची यादी मांडली. पुढची जवळजवळ चाळीस वर्षे या घराण्यातल्या प्रोग्रॅमांनी ही मांडणी मोडली नाही. ती का टिकली याचे उत्तर मांडणीतच आहे.

टोटल कमांडर उघडला की डावीकडे एक यादी दिसते, उजवीकडे दुसरी. कर्सर ज्या बाजूला असेल ती ‘इथून’, समोरची ‘तिथे’. टॅब कळ दाबली की भूमिका बदलतात. खालच्या ओळीत क्रिया लिहिलेल्या असतात : एफ-३ पाहा, एफ-४ सुधारा, एफ-५ कॉपी, एफ-६ हलवा, एफ-७ नवा फोल्डर, एफ-८ पुसा. डॉसच्या आज्ञेत क्रिया आधी टाइप करावी लागे, मग काय, मग कुठे. इथे आपण मराठी वाक्यासारखे चालतो : इथून, ह्या फाइली, तिथे, आणि सर्वांत शेवटी क्रियापद. ते दाबण्याच्या क्षणी बाकीचे सगळे वाक्य डोळ्यांसमोर पूर्ण झालेले असते. कॉपी-पेस्टच्या नेहमीच्या पद्धतीत हे घडत नाही. तिथे फाइली उचलल्यावर त्या नजरेआड होतात. आपण चार फोल्डर ओलांडून जातो आणि हाती काय आहे ते मनात धरून ठेवतो.

एफ-५ दाबल्यावर काम लगेच सुरू होत नाही, ही मला या प्रोग्रॅमची सर्वांत समंजस गोष्ट वाटते. एक छोटी चौकट येते. किती फाइली जाणार तो आकडा, आणि त्याखाली ठिकाणाचा पूर्ण पत्ता. तो पत्ता तिथेच बदलता येतो, किंवा काम रांगेत पाठवून आपण पुढचे काम करू शकतो. एंटर दाबायला अर्धा सेकंद लागतो, पण तेवढ्यात नजर पत्त्यावरून फिरते, आणि चुकीचा पेनड्राइव्ह, मागच्या वर्षीचा फोल्डर इथेच पकडला जातो.

एकाच नावाच्या दोन फाइली समोरासमोर आल्या की खरी कसोटी लागते. लग्नाचे फोटो घ्या. दोघांनी एकाच कंपनीच्या कॅमेऱ्यांनी काढलेले असतात. कॅमेरा नावाला चार अक्षरे आणि चार आकडे देतो, ९९९९ झाले की पुन्हा ०००१. त्यामुळे मावशीच्या कार्डावर आणि मामाच्या कार्डावर त्याच नावाचे वेगवेगळे फोटो असणे अगदी स्वाभाविक आहे. एका फोल्डरात ते ओतताना बेसावधपणे ‘हो’ म्हटले तर अक्षतांचा एक फोटो दुसऱ्या फोटोखाली कायमचा जातो. टोटल कमांडर अशा वेळी दोन्ही फाइलींचा आकार आणि तारीख-वेळ एकाखाली एक दाखवतो. मग पर्याय देतो : बदला, वगळा, नाव बदलून ठेवा, फक्त जुन्यांच्या जागी नव्या ठेवा, किंवा दोन्ही आतून ताडून पाहा. या शेवटच्या पर्यायासाठी मला या प्रोग्रॅमचे फार कौतुक वाटते. निर्णय आपल्यावर टाकताना तो निर्णयाची सामग्रीही हाती देतो.

हेच तत्त्व सर्वांत देखणे दिसते ते एकगठ्ठा नाव बदलण्याच्या खिडकीत. कंट्रोल आणि एम दाबले की ती उघडते. वर साचा लिहायचा : कंसातल्या छोट्या खुणांनी मूळ नाव, क्रमांक, तारीख हवी तशी गुंफायची. खाली यादी असते, तिच्यात जुने नाव आणि त्याच ओळीत नवे नाव. साच्यात एक अक्षर टाइप करावे, आणि खालची शेकडो नवी नावे त्याच क्षणी बदललेली दिसावीत. फाइलींना अजून कुणी हात लावलेला नसतो.

शिवण उसवलेला जुना दिवाळी अंक स्कॅन करायचा असेल तर कागद आधी एका बाजूने यंत्रातून जातात, मग दुसऱ्या. म्हणजे पहिल्या गठ्ठ्यात सगळी विषम पाने, दुसऱ्यात सम, आणि तीही बहुधा उलट क्रमाने. इथे क्रमांकाला सुरुवात, टप्पा आणि अंकांची संख्या असे तीन रकाने आहेत. पहिल्या गठ्ठ्याला एकपासून दोनच्या टप्प्याने, दुसऱ्याला यादी उलट लावून दोनपासून दोनच्या टप्प्याने. अंक तीन ठेवायचे, म्हणजे कुठल्याही यंत्रावर दहावे पान दुसऱ्याच्या आधी येणार नाही. दोन्ही गठ्ठे एकत्र केले की अंक मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत वाचायला तयार. आणि इतके करूनही काही चुकले, तर त्या खिडकीत केलेला बदल मागे घेण्याची सोय आहे. ज्याने हे रकाने आखले त्याने असे गठ्ठे स्वतः हाताळले असावेत असे मला नेहमी वाटते.

दोन फोल्डर जुळवण्याच्या खिडकीतही तीच वृत्ती. लॅपटॉपवरचे लेख डावीकडे, बाहेरच्या हार्ड डिस्कवरचे उजवीकडे, आणि मध्ये प्रत्येक ओळीवर एक बाण : ही फाइल तिकडे जाणार, ही इकडे येणार, ह्या सारख्याच आहेत. बाणावर क्लिक करून दिशा बदलता येते. तुलना एका बटणाने, प्रत्यक्ष काम दुसऱ्याने. दोन पावलांमधली ही मोकळी जागा नसती तर मी माझे लेखन या सोयीच्या हवाली केले नसते.

बाकीच्या खुबींबद्दल थोडक्यात. एफ-३ प्रचंड मोठी फाइलही चटकन दाखवतो, कारण तो ती सगळी स्मृतीत भरत नाही. फोल्डरवर स्पेस दाबली की त्याचा आकार कळतो. कंट्रोल आणि बी दाबले की उपफोल्डरांच्या भिंती गळून सगळ्या फाइली एका यादीत येतात. विखुरलेले फोटो शोधताना याला तोड नाही. रूप मात्र जुने आहे, चिन्हांच्या पट्टीत गर्दी आहे, आणि सेटिंगच्या पानांत नवखा माणूस हरवतो. रूपाची बाजू मला खरोखर कमी पडलेली वाटते.

विंडोजच्या एक्स्प्लोररने मधल्या काळात बरेच आत्मसात केले. सारख्या नावाच्या फाइलींची तुलना तिथेही मिळते, २०२२ मध्ये टॅबही आले. तरी ‘तिथे’ अजून पडद्यावर कायम दिसत नाही, आणि माझ्या लेखी फरक तेवढाच, पण मोठा आहे. लिनक्सवर जाणाऱ्याला डबल कमांडर याच वळणाचा मिळतो. टर्मिनलमध्ये राहणाऱ्याला मिगेल दे इकाझा यांनी १९९४ मध्ये सुरू केलेला मिडनाइट कमांडर आहे. सवयीची बोटे दोन्हीकडे फारशी अडखळत नाहीत.

मराठीत फाइलींना नावे देणाऱ्याने मात्र हे स्थलांतर करताना एक गोष्ट पाहावी. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये फाइलच्या नावाला २५५ चिन्हे चालतात. लिनक्सच्या एक्स्ट-४ मध्येही मर्यादा २५५ चीच, पण ती बाइटांची. आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. काना, वेलांटी, हलन्त हे सगळे स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजले जाते. ‘महाराष्ट्र’ या एका शब्दाचे तीस बाइट होतात. म्हणजे तिकडे मराठी नाव ८५ चिन्हांत संपते, आणि लेखाचे पूर्ण शीर्षक, लेखकाचे नाव, अंकाचे वर्ष असे सगळे फाइलच्या नावातच लिहिणाऱ्यांची नावे त्यापुढे सहज जातात. इंग्रजीत नावे देणाऱ्याला ही अडचण सहसा भेटत नाही, म्हणून वैशिष्ट्यांच्या याद्यांत ती दिसत नाही. माझ्या यादीत ती पहिली असेल : एफ-५ नंतरच्या त्या छोट्या चौकटीतच, एकही फाइल हलण्याआधी, ‘यातली अमुक नावे तिथे मावणार नाहीत’ असे सांगावे, आणि तिथूनच ती नावे घेऊन एकगठ्ठा नाव बदलण्याच्या खिडकीत जाता यावे.