शूमान-घोषणा व पॅरिसचा करार : एक पाठचिकित्सा

ता. ९ मे १९५० रोजीं फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री शूमान यांनीं वाचलेली घोषणा युरोपीय ऐक्याची जन्मपत्रिका मानण्याचा परिपाठ पडला आहे. तिचा मसुदा झां मॉने व त्यांचे सहकारी यांचा. कोळसा व पोलाद यांचें उत्पादन एका उच्चाधिकारी मंडळाकडे सोंपवावें व त्याचे निर्णय बंधनकारक असावेत, हा तिचा गाभा. मंत्रिपरिषदेचें तींत नांवहि नाहीं. ता. १८ एप्रिल १९५१ रोजीं सहा राष्ट्रांनीं सही केलेल्या पॅरिसच्या करारांत मात्र ती परिषद आढळते. मंडळावर सरकारांचा अंकुश असावा, असा आग्रह मुख्यतः डचांनीं धरिला होता. हा भेद गाळून केवळ घोषणेवरून इतिहास रचणें आमच्या मतें सदोष होय. घोषणेंत हेतु दिसतो. सत्तेची वांटणी करारांतच सांपडते.