मज्जारज्जूतील अर्बुद : शल्यवैद्याचा अहवाल आणि रुग्णाचे आत्मकथन

प्रस्तावना

वैद्यकीय अहवाल आणि रुग्णाचे आत्मकथन हे एकाच घटनेविषयीचे दोन भिन्न लेखनप्रकार होत. पहिल्यात रुग्ण हा अभ्यासविषय असतो. दुसऱ्यात तोच निवेदक होतो. मज्जारज्जूतील अर्बुद या दुर्मीळ व्याधीसंबंधी दोन्ही प्रकारचे महत्त्वाचे लेखन इंग्रजीत झालेले आहे. अमेरिकन कादंबरीकार रेनॉल्ड्स प्राइस (१९३३–२०११) यांच्या ‘अ होल न्यू लाइफ’ (१९९४) या आत्मकथनाचे सामर्थ्य व मर्यादा या पार्श्वभूमीवर तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अहवालाची चौकट

१८८७ साली लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्सले यांनी मज्जारज्जूवर दाब आणणारे अर्बुद शस्त्रक्रियेने काढले. निदान विल्यम गॉवर्स यांचे होते. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. तेव्हा वेदनेची जागा, बधिरतेची सीमा आणि स्नायूंची दुर्बलता एवढ्यावरूनच अर्बुदाचे स्थान ठरवावे लागले. कण्याच्या कमानी काढल्यावर प्रथम काहीच आढळले नाही. आणखी वरचे हाड काढल्यावर ते सापडले. रुग्ण पुढे चालू लागला. १८८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अहवालाच्या शीर्षकातच अर्बुद, त्याचे निष्कासन आणि रुग्णाचे बरे होणे हा क्रम येतो. आरंभ, मध्य व शेवट असलेले हे सुघटित कथानकच म्हणावे लागेल.

मात्र या कथानकाची सफलता अर्बुदाच्या जागेवर अवलंबून असते. रज्जूच्या बाहेर वाढून त्यावर दाब आणणारे अर्बुद पुष्कळदा संपूर्ण वेगळे करता येते. रज्जूच्या आत, मज्जातंतूंत गुंतलेले अर्बुद काढताना मात्र निरोगी तंतू दुखावण्याचा धोका प्रत्येक क्षणी असतो. प्राइस यांची व्याधी या दुसऱ्या प्रकारची होती.

निवेदकाची भाषा

१९८४ मध्ये प्राइस यांच्या चालण्यातील बदल प्रथम एका स्नेह्याच्या लक्षात आला. तपासणीत मानेपासून खाली पसरलेले, सुमारे दहा इंच लांबीचे आणि पेन्सिलीएवढ्या जाडीचे अर्बुद आढळले. हे वृत्त त्यांना रुग्णालयाच्या वर्दळीच्या मार्गिकेत, ढकलगाडीवर पडलेले असताना सांगण्यात आले. हा प्रसंग प्राइस अत्यंत संयत शब्दांत रंगवतात. डॉक्टरांच्या कौशल्याविषयी ते शंका घेत नाहीत. वृत्त सांगण्यासाठी एक बंद खोलीही शोधली गेली नाही, एवढेच ते दाखवतात. आरोपाचा स्वर टाळल्यामुळेच आरोप अधिक परिणामकारक ठरतो.

पहिल्या शस्त्रक्रियेत अर्बुदाचा सुमारे दहावा भागच काढता आला. नंतर पाच आठवडे किरणोपचार झाले आणि पुढे पाय कायमचे निकामी झाले. ध्वनितरंगांनी अर्बुद फोडून शोषून घेणाऱ्या उपकरणामुळे १९८६ मध्ये पुढील शस्त्रक्रिया शक्य झाली आणि जीव वाचला. तथापि वेदना राहिली. औषधांनी न हटलेल्या या वेदनेशी जुळवून घेण्यास जैव-प्रतिसाद व संमोहन या पद्धतींचे साह्य झाले. अहवाल जेथे थांबतो, तेथून आत्मकथनाचा मुख्य भाग सुरू होतो, हे येथे स्पष्ट होते.

गालिली सरोवरातील दर्शनाचा प्रसंग अनेक वाचकांना अडखळवतो. ते स्वप्न नव्हते, असे प्राइस ठामपणे सांगतात. पण त्यामुळे रोग नाहीसा झाल्याचा दावा करीत नाहीत. वैद्यकीय वास्तव आणि श्रद्धा यांपैकी एकाला दुसऱ्याचा पुरावा न बनवणे, हे या लेखनाचे प्रमुख वैशिष्ट्य होय.

मर्यादा

पूर्वीचा मनुष्य संपला; आता नवा कोण होणार, हे ठरवावे, हा ग्रंथाचा मध्यवर्ती उपदेश आहे. तो प्रभावी असला तरी मुख्यतः व्यक्तीच्या संकल्पशक्तीला उद्देशून आहे. प्राइस यांचे काम बसून करता येणारे होते; विद्यापीठातील पद टिकले; सोबतीला राहणारे मदतनीस होते. या साह्याचा कृतज्ञ उल्लेख ग्रंथात आहे, परंतु ते नसलेल्या रुग्णाने ‘नवा’ कसा व्हावे, या प्रश्नाची पुरेशी चर्चा नाही.

ही उणीव रॉबर्ट मर्फी यांच्या ‘द बॉडी सायलेंट’ (१९८७) या ग्रंथाने भरून निघते. कोलंबिया विद्यापीठातील हे मानववंशशास्त्रज्ञ अशाच अर्बुदाने क्रमशः पक्षाघातग्रस्त झाले. अॅमेझॉन खोऱ्यातील मुंडुरुकू समाजाचा अभ्यास करणारी दृष्टी त्यांनी स्वतःच्या शरीराकडे वळवली. अपंग व्यक्तीला समाज ना रुग्ण मानतो ना निरोगी. ती उंबरठ्यावरच ठेवली जाते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. प्राइस ज्याला आत्म्याचा प्रश्न मानतात, तो मर्फी समाजव्यवस्थेचा प्रश्न ठरवतात.

निष्कर्ष

साहित्यगुणांच्या दृष्टीने प्राइस यांचा ग्रंथ सरस, तर विश्लेषणाच्या दृष्टीने मर्फी यांचा ग्रंथ अधिक दूरवर पोहोचणारा आहे. निदान अचूक व शस्त्रक्रिया निर्दोष असूनही रुग्णाशी बोलण्यात उपचार अपुरा राहू शकतो, हे दोन्ही वाचून ध्यानी येते. त्यामुळे हे लेखन केवळ वाङ्मयाच्या वर्गापुरते न ठेवता वैद्यक व समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमातही १८८८ च्या अहवालाशेजारी ठेवून वाचले जाणे आवश्यक आहे.