आईची पत्रे, न्यूयॉर्कचे रस्ते

बेल्जियन दिग्दर्शिका शांताल अकरमान यांच्या ‘न्यूज फ्रॉम होम’ (१९७७) या चित्रपटात कथा नाही, नटनटी नाहीत. पडद्यावर न्यूयॉर्कचे रस्ते नि भुयारी रेल्वेचे फलाट दिसतात. कानी पडतात ती ब्रुसेल्सहून आलेली आईची पत्रे. १९७१ साली एकविसाव्या वर्षी न्यूयॉर्कला गेलेल्या लेकीला ती लिहिलेली होती. चित्रण १९७६ चे, ती पुन्हा तेथे गेली तेव्हाचे. वाचणारा सपाट स्वर तिचाच. घरची खुशाली, नातलगांच्या वार्ता आणि पुनःपुन्हा एकच विनवणी: पत्र पाठव. परदेशी गेलेल्या मुलांच्या पत्रांची वाट पाहिलेल्या घरांना ती ओळखीची वाटेल.

याला घराच्या ओढीचे चित्रण म्हणणे आम्हांस पटत नाही. लेकीचे एकही उत्तर आपल्या कानी येत नाही. मोटारींच्या नि आगगाड्यांच्या गोंगाटात आईचे शब्दही कितीदा बुडून जातात. या ध्वनियोजनेतच आम्हांस चित्रपटाचा गाभा दिसतो. लेक आईची माया नाकारीत नाही. पण ती माया तिला दूर राहूनच पेलवते. ही आई आउशवित्झच्या नाझी छळछावणीतून वाचलेली होती. हे ध्यानी घेतले म्हणजे त्या विनवणीतली धास्ती निराळीच भासते. चित्रपट त्याविषयी मौन पाळतो, आणि ते योग्यच आहे.

काही दृश्ये अकारण रेंगाळतात, हेही खरे. मात्र अखेरच्या, बोटीवरून टिपलेल्या दीर्घ दृश्यातील एक क्षणही कमी करवणार नाही. मॅनहॅटनच्या उंच इमारती धुक्यात विरत जातात, उरतो पाण्याचा नि पाखरांचा आवाज. आईची पत्रे तोवर थांबलेली असतात.