पटावरचं रान

निसर्गावरच्या बोर्डगेमचं गेल्या काही वर्षांत उदंड पीक आलंय. पक्षी, झाडं, कोल्हे, फुलपाखरं, अळंबी... बहुतेक खेळ हातात घेताक्षणी आवडावेत इतके देखणे आहेत. पण देखणेपणावर त्यांचा दर्जा ठरवू नये असं मला वाटतं. माझी कसोटी वेगळी आहे. पत्त्यांवरची चित्रं पुसून टाकली आणि नुसते नियम उरले, तर त्या नियमांत रान उरतं का? ही कसोटी लावली की पुष्कळ खेळ गळतात. त्यांत हरणाऐवजी विटा किंवा कापसाच्या गाठी ठेवल्या तरी डावात काही फरक पडत नाही.

‘विंगस्पॅन’ मात्र टिकतो. एलिझाबेथ हारग्रेव्ह या अमेरिकी बाई आरोग्य-धोरणाच्या क्षेत्रात काम करत होत्या आणि त्यांना पक्षिनिरीक्षणाचा नाद होता. त्यातून त्यांनी रचलेला हा खेळ २०१९ साली आला आणि त्याच वर्षी जाणत्या खेळाडूंसाठीचा जर्मन पुरस्कार, ‘केनरश्पील डेस यारेस’, त्याला मिळाला. मूळ खेळात १७० पक्ष्यांचे १७० पत्ते आहेत. पक्षी काय खातो, घरटं कसं बांधतो, जंगलात राहतो, माळावर की पाणथळीत, आणि त्याच्या पंखांचा विस्तार किती सेंटीमीटर, हे सगळं पत्त्यावर असतं. शिवाय ही माहिती डावात कामाला येते.

घुबडाचा किंवा ससाण्याचा पत्ता घ्या. त्याची पाळी आली की गठ्ठ्यातला वरचा पत्ता उलटायचा. निघालेल्या पक्ष्याच्या पंखांचा विस्तार ठरलेल्या मर्यादेहून कमी, म्हणजे काही पत्त्यांवर ७५ सेंटीमीटरहून कमी, असला तर शिकार साधली. तो पत्ता शिकाऱ्याखाली सरकवायचा आणि शेवटी त्याचा एक गुण धरायचा. मोठा पक्षी निघाला तर शिकारी उपाशी. गिधाडाचं याहून सुरेख आहे. आपल्या पाळीत ते स्वस्थ बसून असतं, आणि समोरच्याच्या शिकाऱ्याला शिकार मिळाली की त्यालाही दाणापाणी मिळतं. काउबर्ड नावाचा अमेरिकी पक्षी आपल्या कोकिळेसारखा परक्या घरट्यात अंडी घालतो. दुसरा कुणी अंडी घालायची खेळी खेळला की याचंही एक अंडं दुसऱ्या जातीच्या वाटीसारख्या घरट्यात पडतं. इथे चित्र पुसलं तरी पक्षी ओळखू येतो. निसर्ग-खेळांच्या कलेनं गाठलेली उंची मोजायची तर मी या तीन पत्त्यांपासून सुरुवात करीन.

‘विंगस्पॅन’ची उणीवही नियमांतच आहे. या रानात कुणी मरत नाही. ठेवलेला पक्षी सहसा शेवटपर्यंत जागेवर राहतो. दुष्काळ पडत नाही, वणवा लागत नाही, तळं आटत नाही. चार फेऱ्यांमध्ये अनुक्रमे ८, ७, ६ आणि ५ खेळ्या मिळतात, म्हणजे खेळ्या कमी होत जातात आणि प्रत्येक खेळीची कमाई वाढत जाते. मूळ आवृत्तीत याची परिणती अशी की शेवटच्या फेरीत बरेच जण नुसती अंडी घालत सुटतात, कारण गुण तिथे सहज मिळतात. डाव ऐन रंगात येण्याच्या वेळी हिशेब उरतो आणि रान मागे पडतं. २०२० च्या ‘ओशिआनिया’ विस्तारात अधिवासांचे पट बदलून हे बऱ्याच अंशी सावरलं. त्यात मकरंद हे नवं खाद्यही आलं. ते कोणत्याही खाद्याऐवजी चालतं, पण फेरी संपताना न वापरलेला मकरंद टाकून द्यावा लागतो. नासणारी एक गोष्ट आली आणि डावाला लगेच धार चढली.

आपल्याकडच्या वाघ-बकरीच्या पटावर हे गमावणं पूर्वीपासून आहे. वाघ उडी मारून बकरी खातो, ती पटावरून जाते. बकऱ्या एकजुटीनं सरकल्या तर वाघ कोंडला जातो. चित्र एकही नाही, जमिनीवर ओढलेल्या रेघा आणि खडे पुरतात, तरी भूक आणि भीती दोन्ही पटावर असतात. मोठ्या छपाईच्या, हजारो रुपये मोजून घ्यायच्या आजच्या खेळांना या धाडसाची अजून सवय झालेली नाही.

‘फोटोसिंथेसिस’ (२०१७) त्या धाडसाच्या जवळ जातो. षटकोनी पटाभोवती सूर्य सहा जागी फिरतो. लहान झाडाची सावली एक घर, मध्यमाची दोन, मोठ्याची तीन. आपल्याएवढ्या किंवा आपल्याहून उंच झाडाच्या सावलीत जे झाड सापडतं त्याला त्या वेळी प्रकाश मिळत नाही, आणि प्रकाश हेच या खेळातलं चलन आहे. आमच्या घरी तो मांडला की चौथीतली भाची पटाच्या पातळीवर हनुवटी टेकवून सावल्या मोजते आणि ‘मामा, पुढच्या वेळी तुझं झाड अंधारात’ असं आधीच जाहीर करते. मोठ्या माणसाला मुद्दाम हरावं न लागता मुलं ज्यात खरोखर जिंकू शकतात, असे खेळ थोडे. हा त्यांतला आहे. गुण मिळवायचे तर वाढवलेलं मोठं झाड शेवटी पटावरून उचलावं लागतं. ते उचलताना भाची दर वेळी थबकते.

‘कॅस्केडिया’ला २०२२ चा ‘श्पील डेस यारेस’ हा जर्मन पुरस्कार मिळाला. अस्वलं जोडीनं, ससाणे एकमेकांपासून लांब, कोल्ह्याला शेजारी नानाविध प्राणी हवेत, अशी त्याची रचना आहे. खेळ नेटका आणि शांत, पण प्राणी तिथे नक्षीइतकेच जिवंत वाटतात. ‘मेडो’ आणि ‘एव्हरडेल’ यांची चित्रं माझ्या आवडीची आहेत. नियमांबद्दल तसं म्हणवत नाही. स्वतः हारग्रेव्ह यांनी पुढे मार्क वूटन यांच्याबरोबर ‘अंडरग्रोव्ह’ (२०२४) केला. त्यात झाडं आणि अळंबी यांची जमिनीखालची देवाणघेवाण हाच खेळ आहे. ही वाट मला पुढची वाटते.

एकट्यानं खेळण्याची सोय हे या क्षेत्राचं खरं यश आहे आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. ‘विंगस्पॅन’मध्ये डेव्हिड स्टडली यांनी रचलेला ‘ऑटोमा’ हा पत्त्यांवर चालणारा प्रतिस्पर्धी आहे. त्याला खाद्य मोजावं लागत नाही, त्याच्यासाठी वेगळा पट मांडावा लागत नाही. तो उघडे पत्ते पळवतो, अंडी घालतो आणि फेरीच्या उद्दिष्टांवर आपल्याशी चढाओढ करतो. आपण डोळा ठेवलेला पत्ता तो नेतो तेव्हा समोर माणूस असल्यासारखीच चुटपुट लागते. घरात सगळे झोपल्यावर मोबाइल बाजूला ठेवून तासभर असं एकाग्र बसता येणं, याचं मोल मी फार मानतो.

एकट्याच्या खेळात माझ्या मते सगळ्यांत पुढे ‘स्पिरिट आयलंड’ (२०१७) आहे. तुम्ही बेटाचं दैवत असता. बाहेरून आलेले वसाहतकार आधी वाट काढतात, मग वस्ती करतात, मग जमीन नासवतात. कुठे काय घडणार हे दोन पावलं आधी कळतं, तरी सगळीकडे पोचता येत नाही. नासलेल्या जागेवर पुन्हा घाला पडला तर नासाडी शेजारी पसरते. आणि बेटावर माणसं आहेत. ‘दाहान’ नावाचे मूळ रहिवासी तिथे राहतात, प्रतिकारही करतात. बाकीच्या बहुतेक निसर्ग-खेळांत माणूस एकतर नाहीच किंवा पाठीवर पिशवी घेतलेला पर्यटक आहे. देवराया राखणाऱ्या गावांच्या मुलखात राहून असं निर्मनुष्य रान मला अपुरं वाटतं.

२०२२ साली ‘विंगस्पॅन एशिया’ आला, एकट्यासाठी किंवा दोघांसाठी स्वतंत्रपणे खेळता येणारा. त्यात तांबट आहे, टिटवी, साळुंकी, शिंपी, गावकावळा आहे. आई इंग्रजी मजकूर वाचत नाही, पण चित्रावरून पक्षी ओळखते आणि तो कुठे, केव्हा पाहिला ते सांगत बसते. डाव लांबतो आणि कुणाचीच हरकत नसते. याच गठ्ठ्यात रानपिंगळा आहे. १८८४ नंतर तो नाहीसा झाला असं मानलं जात होतं, आणि १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला. माळढोकही आहे, जो सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरून जवळजवळ दिसेनासा झालाय. पण गठ्ठ्यात प्रत्येक पक्ष्याचा एकच पत्ता. त्यामुळे गावकावळा हाती येण्याची शक्यता जितकी, तितकीच माळढोक येण्याची. इतक्या काळजीनं घरटी आणि पंख मोजणाऱ्या खेळानं ही एक गोष्ट मोजलेली नाही. कावळ्याचे दहा पत्ते, माळढोकाचा एक, आणि माळावर पीक किंवा पवनचक्की आली की तो एकही बाद, असा गठ्ठा कुणी रचला तर तो समतोल राखायला अवघड जाईल, काही डाव कडूही होतील. मी तो आईला आणि भाचीला घेऊन खेळायला तयार आहे.