नाव संगणकाचे, स्वभाव प्रोसेसरचा

जुन्या संगणकाचे वर्तन नव्या संगणकावर घडवून आणणाऱ्या प्रोग्रॅमला एम्युलेटर म्हणतात. 'बीबएम' हा त्यांपैकी एक. ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीच्या बीबीसी मायक्रोची नक्कल करणारा हा प्रोग्रॅम डेव्हिड गिल्बर्ट यांनी १९९४ मध्ये युनिक्ससाठी लिहिला. पुढे इतरांनी तो वाढवला व विंडोजवर आणला. भारतात १९८४ साली सुरू झालेल्या 'क्लास' प्रकल्पात शाळांना बीबीसी मायक्रोच मिळाले होते. म्हणून आपणही तो पारखून पाहायला हवा.

यात 'मॉडेल बी' (१९८१) किंवा 'मास्टर १२८' (१९८६) निवडता येतो. वरवर पाहता फरक स्मृतीचा: ३२ ऐवजी १२८ किलोबाइट. पण पहिल्यात ६५०२ हा प्रोसेसर आहे, तर दुसऱ्यात त्याची सुधारित आवृत्ती, ६५सी१२.

मूळ ६५०२ मध्ये एक दोष होता. 'अमुक पत्त्यावर लिहिलेल्या ठिकाणी उडी मार' अशी सूचना त्याला देता येते. हे ठिकाण लागोपाठच्या दोन बाइटांत लिहितात. पहिला बाइट २०एफएफ या (षोडशमान) पत्त्यावर असेल, तर दुसरा २१०० वर पाहायला हवा. ६५०२ मात्र तो २००० वर पाहतो! समजा, २०एफएफ वर ००, २००० वर ३० आणि २१०० वर ३१ ठेवले. मॉडेल बी ३००० वर जाईल, मास्टर ३१०० वर. बीबएम या दोन्ही उड्या बरोबर मारतो. गुणांबरोबर दोषाचीही प्रामाणिक नक्कल करणे, ही त्याची मोठी जमेची बाजू.

उणीव आहे ती मांडणीत. जोडप्रोसेसर निवडताना ६५सी०२, झेड८० अशी नावे दिसतात; मुख्य संगणक निवडताना मात्र प्रोसेसरचे नावच येत नाही. त्यामुळे मॉडेल बी वर चालणारा प्रोग्रॅम मास्टरवर अडला, की विद्यार्थी प्रोग्रॅमला किंवा स्वतःला दोष देतो. खरे कारण त्याच्यासमोर येतच नाही. कंसात प्रोसेसरचे नाव छापले असते, तरी हे टळले असते.

तोवर ही जबाबदारी शिक्षकाची. वरील तीन आकडे दोन्ही मॉडेलांवर भरून पाहायला सांगावे. दोन निराळी उत्तरे आली, की 'कोणता प्रोसेसर?' हा प्रश्न विद्यार्थी आपणहून विचारू लागतील.